दवंडीपासून दैनिकापर्यंत: जाहिरातीच्या आरंभाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या बार्देश तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक शाळेत मी वाणिज्य शिकवते. बारावीच्या मुलांना प्रकल्पासाठी जाहिरातीचा इतिहास दिला की दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि वह्यांत उत्तरंही तीच सापडतात: जाहिरात इंग्रजांनी आणली, ती वर्तमानपत्रातून सुरू झाली, त्याआधी आपल्याकडे काही नव्हतं. म्हापशाच्या बाजारात वाढलेल्या मुलाने असं लिहावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या वडिलांचं त्या बाजारात कापडाचं दुकान होतं. माल गिऱ्हाइकाच्या नजरेत कसा भरवायचा हे मी पुस्तकाआधी तिथे पाहिलं. म्हणून मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत घेऊन ही उत्तरं लिहून ठेवली आहेत.

जगातली पहिली जाहिरात कुठली?

परीक्षेत एका मार्काला हा प्रश्न येतो, पण त्याला एक मार्काचं उत्तर नाही. जाहिरातीचं सर्वांत जुनं रूप म्हणजे हाक, आणि हाक कुठे कोरलेली राहत नाही.

रोज पहाटे आमच्या वाड्यावर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो. शब्द नाही, भाव नाही, नुसतं पों पों. तरी पाव आला, ताजा आहे, आत्ता बाहेर आलात तर मिळेल, हे सगळं त्यातून कळतं. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी पोदेराकडे सायकल नव्हती. डोक्यावर टोपली आणि हातात बांबूची काठी. काठीला धातूच्या चकत्या बसवलेल्या असत. ती जमिनीवर आपटत तो चालला की छणछण आवाज व्हायचा आणि बायका पैसे घेऊन दारात यायच्या. मुलांनो, प्रकल्पाचं पहिलं पान तुमच्या दारातच आहे.

लिखित किंवा कोरीव पुरावाच हवा असेल तर इटलीतल्या पॉम्पेईचं उदाहरण घ्या. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली हे शहर गाडलं गेलं, म्हणून तिथल्या भिंतींवरची निवडणुकीची आवाहनंसुद्धा टिकून राहिली. तिथे औलुस उंब्रिकियुस स्कौरुस नावाचा व्यापारी मासे खारवून, आंबवून केलेला गारुम नावाचा रस विकत असे. त्याने आपल्या घराच्या दर्शनी चौकातल्या फरशीत, रंगीत खड्यांच्या नक्षीत, आपल्याच बरण्यांची चित्रं बसवून घेतली. बरणीवर मजकूर असा: स्कौरुसच्या कारखान्यातला, बांगड्याच्या कुळातल्या माशाचा उत्तम गारुम. माशाचं नाव, मालाची प्रत, करणाऱ्याचं नाव, तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्या. गोंयकाराला ही जाहिरात समजावून सांगावी लागू नये.

चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळातली, म्हणजे दहावं ते तेरावं शतक या दरम्यानची, एक तांब्या-पितळेच्या जातीची छपाईची पाटी सापडली आहे. ती जिनान शहरातल्या लिऊ घराण्याच्या सुयांच्या दुकानाची. मधोमध पांढरा ससा, आणि दारावरचा पांढरा ससा ही खूण पाहून या, अशा अर्थाचा मजकूर. चांगल्या पोलादाच्या सळ्या घेऊन बारीक सुया करतो, घाऊक घेणाऱ्याला सवलत देतो, हेही त्यावर आहे. युरोपात छपाई सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

भारतात त्या काळी काहीच नव्हतं का?

होतं, आणि फार देखणं होतं. मध्य प्रदेशातल्या मंदसोरला, म्हणजे जुन्या दशपुरात, रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे कारागीर-संघाने, सूर्यमंदिर बांधलं. ही मंडळी लाट देशातून, आजच्या दक्षिण गुजरातेतून, तिकडे जाऊन स्थायिक झाली होती. पुढे मंदिराची डागडुजी झाली तेव्हा, इसवी सन ४७३ च्या सुमारास, त्यांनी वत्सभट्टी नावाच्या कवीकडून संस्कृत प्रशस्ती लिहवून शिळेवर कोरली. तिच्या एका श्लोकाचा आशय असा: तारुण्य आहे, कांती आहे, गळ्यात सोन्याचा हार, विडा आणि फुलंही आहेत, तरीसुद्धा रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्याशिवाय स्त्री प्रियकराला एकांतात भेटायला जात नाही.

हा श्लोक मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा मुली आधी हसतात, मग गप्प होतात. आजच्या साडीच्या जाहिरातीत याहून वेगळं काय असतं? रेशीम मऊ आहे, टिकाऊ आहे, असं विणकर म्हणतच नाहीत. ते नसलं तर काय राहून जाईल एवढंच सांगतात. शिलालेखाचा हेतू धार्मिक होता, त्याला शुद्ध जाहिरात म्हणणं ताणलेलं होईल, हे मात्र प्रकल्पात लिहा. पण आपल्या मालाची कीर्ती सर्वांच्या नजरेसमोर राहावी म्हणून कारागिरांच्या संघाने कवीला कामाला लावलं, हे नाकारता येत नाही.

जुन्या गोव्यात माल कसा पुकारला जायचा?

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात दडलेलं आहे, आणि तो शब्द आपण रोज वापरतो: लिलाव. पोर्तुगीज ‘लेयलांव’वरून तो मराठीत आला.

यान हुयखेन फान लिन्शोतेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला आणि पाचेक वर्षं आर्चबिशपच्या पदरी राहिला. १५९६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ओल्ड गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, रुआ दिरैतावर, रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचं वर्णन आहे. रविवार आणि सणावार सोडून रोज. शहराने नेमलेले पुकारे असत. ते अंगावर सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या, रत्नं लटकवून गर्दीतून फिरत आणि मालाचं वर्णन ओरडून सांगत. म्हणजे माल, पाटी आणि आवाज एकाच माणसाच्या अंगावर. अरबी घोडे, मसाले, औषधी द्रव्यं, गालिचे, सगळं तिथे विकायला यायचं.

आणि माणसंही. गुलाम स्त्री-पुरुषांना त्या पुकाऱ्यांच्या भोवती उभं केलं जाई आणि त्यांचे गुण मालाच्या गुणांसारखे ओरडून सांगितले जात. मुलं प्रकल्पात घोडे आणि रत्नं लिहितात आणि ही ओळ गाळतात. ती गाळू नका. कुणाला गोडधोड येतं, कुणी शिवणकामात हुशार, अशी स्तुती जिच्याविषयी केली जात होती तिला स्वतःला बोलायची मुभा नव्हती. आपल्या भूमीवरच्या जाहिरातीच्या इतिहासात हे पान आहे आणि ते उघडं ठेवायला हवं.

ओल्ड गोव्याला गेलात तर मांडवीच्या काठावरच्या व्हाइसरॉयच्या कमानीखाली उभे राहा. जहाजातून उतरलेला माणूस इथूनच शहरात शिरायचा आणि समोर हाच रस्ता लागायचा. आज दोन्ही बाजूंना झाडं आहेत. डोळे मिटून तिथे पुकाऱ्यांचा गलका ऐकायचा प्रयत्न करा.

ही प्रथा आपल्याकडून पुरती गेलेली नाही. देवळात, चर्चच्या फेस्तात नारळ, केळीचा घड, भोपळा यांची पावणी होते ती याच जातीची. एकजण वस्तू वर धरतो, तिचं कौतुक करतो, बोली वाढवतो. बाजारातल्या सोपोची, म्हणजे बसण्याच्या जागेचा कर गोळा करण्याच्या हक्काची, सुद्धा पावणीच होते.

आशियातला पहिला युरोपीय पद्धतीचा छापखाना गोव्यात आला, मग पहिली छापील जाहिरात गोव्यातली का नाही?

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारला. इतक्या वर्षांत मला आलेला हा सर्वांत चांगला प्रश्न, म्हणून उत्तर सविस्तर देते.

१५५६ मध्ये युरोपीय पद्धतीचा छापखाना गोव्यात उतरला आणि ओल्ड गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात बसवला गेला. तो जेझुइटांच्या, म्हणजे एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या मिशनऱ्यांच्या, हाती होता. त्यातून निघालं ते धर्मशिक्षणाचं साहित्य. थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. व्यापाऱ्याने आपल्या मालाचं पत्रक छापून घ्यावं अशी सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याला गरजही नव्हती. ज्या शहरात रोज सकाळी सगळे खरीददार एकाच रस्त्यावर येतात आणि ज्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नाही, तिथे कागदापेक्षा पुकाऱ्याचा गळा स्वस्त आणि कामाचा.

अपवादासारखी एक गोष्ट सांगते. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या आरंभी लुईश द कामोंइश या कवीची एक रचना आहे. पुढे पोर्तुगालचा महाकवी ठरलेल्या या माणसाची ही पहिली छापील कविता. ती व्हाइसरॉयला उद्देशून आहे आणि ओर्ताच्या ग्रंथाला आश्रय द्यावा अशी विनंती तिच्यात आहे. नामांकित माणसाकडून पुस्तकाच्या तोंडावर चार चांगले शब्द लिहून घेणं, हे प्रकाशक आजही करतात. गोव्याच्या छपाईत त्याची सुरुवात मी इथून धरते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाई थंडावली, १७५४ मध्ये तर बंदीच आली. पोर्तुगालमध्ये १८२० ची उदारमतवादी क्रांती झाल्यावर १८२१ मध्ये छापखाना परत आला आणि २२ डिसेंबरला ‘गझेता द गोवा’ हे पत्र निघालं. तेही सरकारी. पहिल्या छापखान्यापासून पहिल्या वर्तमानपत्रापर्यंत २६५ वर्षं गेली. यंत्र आलं म्हणून जाहिरात येत नाही. यंत्रावर दुकानदाराचा हक्क असावा लागतो, वाचणारं गिऱ्हाईक असावं लागतं आणि छापायची मोकळीक लागते. गोव्यात यंत्र पहिल्यांदा आलं, बाकीच्या तिन्ही गोष्टी फार उशिरा आल्या.

मग युरोपात छापील जाहिरात सुरू कुठे झाली?

इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टन या मुद्रकाने १४७७ च्या सुमारास आपल्या धर्मविषयक पुस्तकाचं एक चिठोरं छापलं. वेस्टमिन्स्टरला या, पुस्तक स्वस्तात मिळेल, असा त्याचा मजकूर. खाली लॅटिनमध्ये विनंती: कृपया ही चिठ्ठी इथे राहू द्यावी. भिंतीवरचा कागद फाडणारे लोक तेव्हाही होते.

पुढे वर्तमानपत्रं निघाली तशा जाहिराती वाढल्या, इतक्या की इंग्लंडच्या सरकारने १७१२ मध्ये प्रत्येक जाहिरातीवर कर बसवला. तो १८५३ पर्यंत चालला. कर उठल्यावर जाहिरातींना पूर आला. भारतात जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात सुरू केलेल्या पत्राच्या पूर्ण नावातच ‘जनरल अॅडव्हर्टायझर’ हे शब्द होते. बातमी आणि जाहिरात आपल्याकडे जुळ्या बहिणींसारख्या आल्या.

मराठीत?

‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघालं. बाळशास्त्री जांभेकर आपल्या शेजारचे, सिंधुदुर्गातल्या पोंभुर्ल्याचे. पण त्याआधीच मुंबईच्या इंग्रजी पत्रांतून देशी भाषांतल्या जाहिराती छापल्या जात होत्या. म्हणजे छापील मराठी जाहिरात मराठी वर्तमानपत्राहून वयाने मोठी. भारतातल्या छपाईच्या इतिहासावर १९५८ मध्ये मूलभूत ग्रंथ लिहिणारे अ. का. प्रियोळकर हे गोव्याचेच, प्रियोळचे. प्रकल्पाला आधार हवा असेल तर तिथून सुरुवात करा.

गोव्यातल्या मराठी दुकानदाराला छापील जाहिरात कधी मिळाली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात मराठी नियतकालिकं निघू लागली. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना नागरी हक्क मिळाले आणि गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांच्या ‘भारत’सारख्या पत्रांना बळ आलं. पोर्तुगीज वाचणाऱ्यांसाठी १९०० पासून ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक होतंच.

मग पोर्तुगालात हुकूमशहा सालाझारची राजवट आली आणि सेन्सॉर बसला. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी मंजूर करून घ्यावी लागे, हे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी भोगलं आहे. अशा दिवसांत गावच्या जत्रेतल्या नाटकाचं हँडबिल काढणंही साधं काम नव्हतं. म्हणून तोंडी प्रचार टिकला. ढोल वाजवत वाड्यावाड्यावर फिरायचं, आज रात्री देवळाच्या मांडात अमुक नाटक, असं ओरडायचं. माझ्या वडिलांनी लहानपणी हे केलं होतं आणि त्याबद्दल त्यांना नाटकात पुढची जागा मिळायची.

१९६१ च्या मुक्तीनंतर चित्र पालटलं. १९६२ मध्ये ‘गोमन्तक’, १९६३ मध्ये ‘राष्ट्रमत’, १९७० मध्ये ‘नवप्रभा’. दुकानदाराला आपल्या भाषेत, आपल्या गावात, परवानगीवाचून जाहिरात देता येऊ लागली. चतुर्थीच्या आधी आमच्या दुकानाची पहिली जाहिरात छापून आली त्या दिवशी वडिलांनी अंकाच्या सहा प्रती घेतल्या होत्या.

ब्रँड ही कल्पना परदेशी आहे ना?

शब्द परदेशी आहे. मराठीत त्याला ‘छाप’ म्हणतात, आणि हा शब्द ब्रँडपेक्षा जास्त नेमका आहे.

वडिलांच्या खतावणीच्या पहिल्या पानावर एक लेबल डकवलेलं होतं. कापडाच्या ताग्यावरून अलगद सोललेलं. कमळात बसलेली लक्ष्मी, दोन्ही बाजूंना सोंड उंचावलेले हत्ती, सोनेरी किनार, खाली इंग्रजी अक्षरं. विलायतेतल्या गिरण्यांचे व्यापारी भारतात पाठवायच्या कापडावर अशी देवादिकांची रंगीत चित्रं चिकटवत. आमच्या दुकानात येणाऱ्या बायका ‘लक्ष्मीछाप दाखव’ म्हणत. खालची अक्षरं त्यांनी कधी वाचली नाहीत. गिरणीचं नाव वडिलांनाही सांगता आलं नसतं. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला माल ओळखता यावा, हेच छापेचं मूळ काम. इंग्लंडमध्ये १ जानेवारी १८७६ रोजी नोंदलं गेलेलं पहिलं व्यापारचिन्हसुद्धा असंच, बास कंपनीच्या बिअरचा लाल त्रिकोण. हडप्पा संस्कृतीतल्या लोकांनीही मालाच्या गाठोड्यांवर ओल्या मातीत मुद्रा उठवल्या होत्या. गुजरातेतल्या लोथलला अशा मुद्रांकित मातीचे तुकडे सापडले, त्यांवर मागच्या बाजूने दोरी आणि कापडाचे वळ आहेत.

गोव्याचं आणखी एक उदाहरण म्हणजे आंबा. पोर्तुगीज काळात इथे कलमं बांधायला सुरुवात झाली आणि जातींना माणसांची नावं मिळाली. अफोन्सोचा हापूस झाला आणि कोकणाने तो जगभर नेला. आमचा मानकुराद मात्र ‘मालकोरादो’वरून आला असं सांगतात, म्हणजे रंगाने फिका. जगातल्या सर्वांत चवदार आंब्याला (इथे मी तटस्थ राहणार नाही) इतकं वाईट नाव मिळालं आणि तरी मे महिन्यात त्याची डझनाची किंमत ऐकून माणूस दचकतो. नावापेक्षा चव मोठी ठरल्याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मानकुरादला २०२३ मध्ये. गावाच्या नावाची छाप कायद्याने राखण्याचा हा मार्ग आहे.

‘पसंत नसल्यास पैसे परत’, फुकट नमुना, या युक्त्या कधीच्या?

अठराव्या शतकातला इंग्रज कुंभार जोसाया वेजवुड यात उस्ताद होता. १७६५ मध्ये त्याने राणी शार्लटसाठी चहाचा संच केला आणि त्याच मातीच्या भांड्यांना ‘क्वीन्स वेअर’ म्हणून विकायची परवानगी मिळवली. लंडनमध्ये मांडून ठेवलेल्या टेबलांचं दालन उघडलं, नापसंत माल परत घ्यायचं वचन दिलं.

ब्रिटिश हिंदुस्थानात फुकट नमुन्याची मोठी मोहीम चहाने केली. १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर उपकर बसवून त्याच पैशातून प्रचार सुरू झाला. बाजारात, जत्रांत, रेल्वे स्थानकांवर चहा करून दाखवायचा, प्यायला द्यायचा, पैशाला एक पुडी विकायची. आपण चहाला परंपरा समजतो, पण ती आपल्या पणजोबांना शिकवली गेली.

खोटी जाहिरात केली तर तेव्हा काही शिक्षा होती का?

फारशी नव्हती. एक खटला मात्र वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने नीट वाचावा. लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने १८९१ मध्ये जाहिरात दिली: आमचं औषध सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, आणि सच्चेपणाची खूण म्हणून १००० पौंड बँकेत ठेवले आहेत. श्रीमती कार्लिल यांनी ते वापरलं, त्यांना ताप आला, त्यांनी पैसे मागितले. कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरात होती. १८९२ मध्ये न्यायालयाने ते ऐकून घेतलं नाही. बँकेत ठेवलेल्या पैशांचा उल्लेख हाच वचन गंभीर असल्याचा पुरावा ठरला. भारतात चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर कायदा आला तो १९५४ मध्ये.

पहिली जाहिरातसंस्था?

अमेरिकेत फिलाडेल्फियाचा व्होल्नी पामर, १८४० च्या दशकाच्या आरंभी. तो वर्तमानपत्रातली जागा विकायचा, मजकूर लिहून देत नसे. भारतात १९०५ मध्ये मुंबईच्या गिरगावात निघालेल्या बी. दत्तराम आणि कंपनीचं नाव सर्वांत जुन्यांत घेतात.

मार्केटिंग आणि जाहिरात एकच का?

नाही. कोणाला काय हवं आहे ते हेरण्यापासून भाव, पॅकिंग, पोचवणूक इथपर्यंत सगळं मार्केटिंग, आणि जाहिरात हा त्यातला एक भाग. विद्यापीठात हा विषय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आला. म्हापशाची भाजीवाली तो त्याआधीपासून जाणते: ओली भाजी वर, कालची खाली, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला एक जुडी जास्त.

प्रकल्पासाठी गोव्यात कुठे पाहायला मिळेल?

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ मध्ये सुरू झालेलं. तिथे गोव्याची जुनी वर्तमानपत्रं आहेत. बातम्या सोडा, शेवटचं पान आधी उघडा. कुठल्या वस्तूची जाहिरात आहे, कुठल्या भाषेत, भाव लिहिला आहे की नाही, एवढ्या तीन गोष्टी टिपत गेलात तरी प्रकल्प उभा राहतो.

आणि एका शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बाजारात जा. मोयरेच्या केळ्यांच्या ओळीत तासभर उभे राहा, कोण काय पुकारतं ते शब्दाला शब्द लिहून घ्या, तारीख आणि वेळ घाला. ही नोंद कुठल्याही ग्रंथालयात नाही. तिची एक प्रत माझ्याकडे द्या, मी शाळेच्या कपाटात फाईल करून ठेवते आहे.